सव्वा महिन्याचं पाकीट

मुंबईहून रेवसला जायला दोन मार्ग आहेत. पनवेल-पेणवरून रस्त्यानं, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं. पहिल्यात कंबर जाते, दुसऱ्यात आब. माझी कंबर आधीच गेलेली आहे, म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी मी दुसरा मार्ग धरला आणि लाँचमध्ये पाय टाकता टाकता डाव्या पायातली चप्पल समुद्राला वाहिली.

"वाकू नका, वाकू नका!" पंधरा-वीस लोक एकदम ओरडले. मी वाकणार नव्हतोच. माझ्या दोन्ही हातांत डिंकाच्या लाडवांचा डबा होता. तो पडला असता तर चपलेपाठोपाठ मीही उडी टाकणं सोयीचं ठरलं असतं, कारण ते लाडू सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन दिवस खपून केले होते.

मी ठाण्यात केटरिंगचा धंदा करतो. वय पंचावन्न. वजन विचारू नका, स्वतःच्याच हातचं खातो. निघालो होतो आमच्या एकुलत्या एक मुलीला, सायलीला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायला. रीतीप्रमाणे सातव्यात आणायला हवं होतं. पण तिचा सातवा महिना आणि माझा लग्नाचा सीझन एकाच वेळी आले, आणि मी सीझनच्या बाजूनं उभा राहिलो. आठव्यात पोटुशीला हलवायचं नाही असं सगळ्या आयाबाया म्हणाल्या. आता नववा लागला होता आणि सुनंदानं मला अक्षरशः घरातून बाहेर काढलं होतं.

ठाण्यात मी एका चकचकीत हॉस्पिटलात पॅकेज बुक करून ठेवलं होतं. नॉर्मलचा एक दर, सिझेरियनचा दुसरा. सिझेरियनवर केक आणि फोटोग्राफर मोफत. मी स्वतः बुफेवर पान मोफत देतो, त्यामुळे मला ते सगळं ओळखीचं आणि आश्वासक वाटलं होतं. अडचण एकच होती. सायलीनं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, लाडू घेऊन या. पण मी येणार नाही."

लाँचमध्ये शेजारी एक कोळीणबाई रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसल्या होत्या. त्यांनी आधी माझा अनवाणी पाय पाहिला, मग डबा, मग मला.

"लाडू कुणाला, शेट?"

"मुलीला. पहिलं बाळंतपण आहे. ठाण्याला न्यायला आलोय."

"सासर कुठं?"

मी गाव सांगितलं. (इथे सांगत नाही, कारण विहीणबाई हे वाचणार आहेत. रेवस-अलिबाग रस्त्यावरून खाडीकडे आत वळलं की लागतं, इतकंच.)

"मंग नेता कशाला? तिथं त्या डॉक्टरबाई हायत ना. एकाच दराच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्यासारख्या न्हाईत. आमचं पापलेट सकाळी एका भावानं, दुपारी दुसऱ्या. त्यांचं एकच. पोर कसं पन येवो." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक लाडू घेतला, दातानं तोडला आणि म्हणाल्या, "डिंक कमी हाय."

सासरी

रिक्षातून उतरलो तेव्हा विहीणबाई अंगणात पांढरे कांदे वेणीत गुंफत बसल्या होत्या. त्यांचं नाव मालतीबाई. शेती दीड एकर, आवाज पाच एकरांचा, आणि गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, नवस हाय का काय?"

"समुद्रात गेली."

"एकच? दुसरी पण टाकायचीत, जोडी झाली असती त्याला." मग आत जाऊन त्यांनी जावयाच्या निळ्या रबरी सपाता आणून दिल्या. जावई, प्रथमेश, सहा फुटी आहे आणि पेणकडच्या एका कंपनीत नोकरीला आहे. मी साडेपाच फुटी. पुढचा सगळा मुक्काम मी बदकासारखा चाललो, आणि गावातल्या कुत्र्यांनी त्याची दखल घेतली.

सायली ओटीवर पाय पसरून बसली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पॅकेजचा रंगीत कागद पुढे केला आणि केकचा उल्लेख केला. तिनं तो कागद उलट घालून वारा घेतला.

"बाबा, एक विचारू? मोठ्या ऑपरेशनला जास्त पैसे मिळणार असतील, तर डॉक्टर मला ऑपरेशन सांगतील तेव्हा ते माझ्यासाठी सांगतायत की बिलासाठी, हे मला कसं कळणार?"

"सगळे डॉक्टर तसे नसतात गं."

"मी कुठं म्हणते असतात? कळणार कसं, एवढंच विचारतेय. आईच्या वेळी तुम्हाला कळलं होतं?"

मी पाणी मागितलं.

या प्रश्नाला एक उत्तर होतं आणि ते मी सत्तावीस वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सायलीच्या जन्माच्या वेळी, शनिवारी दुपारी, आमचे डॉक्टर म्हणाले होते, "आता थांबण्यात अर्थ नाही. सिझेरियन करू." पाच वाजता सायली झाली. आठ वाजता मी एका रिसेप्शनमध्ये बासुंदीच्या पातेल्यामागे डाव घेऊन उभा होतो. (हो, मुलगी झाल्यावर तीन तासांत मी ऑर्डरवर होतो. त्याबद्दल माझं जे व्हायचं ते घरी होऊन गेलं आहे.) समोर वाटी आली. वर बघतो तर तेच डॉक्टर, सूट घालून. "अभिनंदन," म्हणाले, "जरा जास्त वाढा."

ऑपरेशनची गरज असेलही. खरंच असेल. पण तेव्हापासून सुनंदा पोटावर हात ठेवून "थंडीत टाके अजून ओढतात" म्हणाली, की माझ्या डोळ्यांपुढे ती वाटी येते.

संध्याकाळी माझ्या मानात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला घालायचा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मी तीस वर्षं लोकांना खाऊ घालतोय, पण त्या शेंगा खाताना मला माझ्या धंद्याची थोडी लाज वाटली. खाता खाता मालतीबाईंनी विषय काढला.

"पोरगी न्यायची तर न्या, व्याहीबुवा. रीत तुमची हाय. पण आमच्या गटाचं काय हाय ते ऐकून मंग न्या."

त्यांचं असं होतं. आसपासच्या गावांतल्या बचत गटांनी मिळून या डॉक्टरबाईंशी ठरवलं होतं. पोटुशी बाईमागे एकच रक्कम. नॉर्मल असो, सिझेरियन असो, नाहीतर मध्येच अलिबागच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवावं लागो, रक्कम तीच. पहिला हप्ता नाव घालताना, दुसरा बाळ झाल्यावर, मग ते कुठंही होवो. आणि तिसरा, सगळ्यात मोठा, सव्वा महिन्यानं. बाळंतीण न्हाऊनमाखून विहिरीवर हळदकुंकू वाहायला जाते, त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं द्यायचा. ती धडधाकट असेल तर. तोवर ते पाकीट घरातच.

"पाठवली तरी पैसे?" मी विचारलं. "काम न करता?"

मालतीबाईंनी शेंग खाली ठेवली. "माझी धाकटी जाऊ. बारा वर्षं झाली. एका दवाखान्यात सकाळपासनं दुपारपत्तूर ठेवून घेतली. मानूस वाईट नव्हता वो तो. पण पुढं पाठवली असती तर त्याचं बिल गेलं असतं. बघू अजून, बघू अजून करत बसला. जाऊ वाचली. पोर न्हाय." मग शेंग पुन्हा उचलून म्हणाल्या, "म्हनून आम्ही सांगितलं, बाई, पाठवायचेबी पैसे घ्या. पण येळेवर पाठवा."

मडक्याभोवतीच्या राखेचा वास येत राहिला.

दवाखान्यात

माझ्या धंद्याचा एक नियम आहे. शेवटचा हप्ता हा प्रकार जगात नसतो. जेवणं झाली की वधूपिता ओळख दाखवत नाही. म्हणून मी सगळे पैसे हळदीच्या आधी घेतो. त्यामुळे शेवटचा हप्ता, तोही सगळ्यात मोठा, बाईच्या घरी ठेवणारी डॉक्टर म्हणजे एकतर साध्वी असणार नाहीतर दिवाळखोर, असं माझं मत पडलं. दिवाळखोर माणसाचं लक्ष कामात नसतं. आणि माझ्या मुलीकडे तर जास्तच लक्ष हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मालतीबाई शेतात गेल्यावर मी स्वयंपाकघरात शिरलो. पाकीट कुठे असतं ते मला आदल्या रात्री कळलं होतं. तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला, पाकीट काढलं, झटकलं, वर लाडवांचा डबा घेतला आणि निळ्या सपाता फटकारत दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाई पंचेचाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"सायलीचा बाप. सगळं आधीच देऊन टाकतो. म्हणजे तुम्ही निश्चिंत, आम्ही निश्चिंत."

त्यांनी पाकिटाला चिकटलेले तांदळाचे दोन दाणे पाहिले. "मालतीबाईंना विचारलंत?"

"त्या शेतात आहेत."

"म्हणजे नाही."

मग मी स्पष्टच बोललो. "मॅडम, मी केटरर आहे. मला ताटामागे पैसे मिळतात तेव्हा मी पाहुण्यांना ओढून ओढून पंगतीला बसवतो. अख्ख्या लग्नाची एकच रक्कम ठरली, की मी बासुंदीत पाणी घालतो. म्हणजे थोडं. तुम्ही एकच रक्कम घेता. तर तुम्ही कशात पाणी घालता?"

बाहेर बाकावर बसलेल्या दोन पोटुश्या खुदकन हसल्या. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बरोबर विचारलंत. पहिल्या वर्षी माझाही हात आखडता व्हायला लागला होता. तपासण्या कमी, घरभेटी कमी. मालतीबाईंच्याच लक्षात आलं. तिसरा हप्ता त्यांनी तेव्हा काढला. आता सव्वा महिन्यापर्यंत सिस्टर घरी जाते, आईचं रक्त तपासते, दाब बघते, बाळाचं वजन घेते. आई बरी नसेल तर पाकीट तांदळात. मी पाणी घातलं तर ते मलाच प्यावं लागतं." पाकीट माझ्याकडे सरकवलं. "आणि तुम्ही हे आत्ता दिलंत तर सव्वा महिन्यानं तुमच्या मुलीकडे बघायला मला काय कारण उरलं?"

मी म्हटलं, "तुमचा चांगुलपणा."

"तो आहेच. पण पावसाळ्यात, रस्त्यावर गुडघाभर चिखल असताना, चांगुलपणाबरोबर पाकीटही असलेलं बरं."

त्यांना एक बाई बघायची होती, त्या उठल्या. मी त्या वळल्याची संधी साधून पाकीट लाडवांच्या डब्याखाली सरकवलं आणि शक्य तितक्या वेगानं पळालो. त्या सपातांत शक्य तितका वेग म्हणजे फार नसतो. पण कुणी मागे आलं नाही.

पाकीट परत येतं

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी मालतीबाई भात लावायला तांदूळ काढायला गेल्या आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "व्याहीबुवा!"

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की "हातातलं सोडून आलात" हे वाक्य मी सात वेळा ऐकलं आणि मला सकाळचा चहा मिळाला नाही.

अकराच्या सुमारास दवाखान्यातल्या वनिता सिस्टर स्कूटरवरून आल्या. खरं म्हणजे त्यांचा फेरा शुक्रवारचा. पिशवीतून आधी लाडवांचा डबा काढला, रिकामा. मग पाकीट, भरलेलं.

"बाईंनी सांगितलंय, लाडू घेतले. डिंक थोडा कमी होता."

"आणि?"

"आणि हे तांदळात." मग त्या ओटीवर सायलीशेजारी बसल्या. "आलेच आहे तर दाब बघते." पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं, तो बदलला नव्हता, पण बोलणं थांबलं होतं. त्यांनी सायलीच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"काल संध्याकाळपासून," सायली म्हणाली. "बाबांना घाबरवायचं नव्हतं."

मी घाबरलो.

वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरबाईंनी पुन्हा दाब घेतला, लघवी तपासली, आणि मान वर करून म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही."

सत्तावीस वर्षांनी तेच वाक्य, शब्द न् शब्द तोच. मी सवयीनं त्यांच्या चेहऱ्यामागे काहीतरी शोधायला लागलो. आज लग्न कुणाकडे आहे? बिल कुठे वाढतंय? आणि मला काही सापडेना. सायलीला इथे ठेवून घेऊन या बाईंना एक रुपया जास्त मिळणार नव्हता. अलिबागला पाठवून एक रुपया कमी होणार नव्हता. मिळणार होतं ते एकाच गोष्टीवर. सव्वा महिन्यानं माझी पोरगी स्वतःच्या पायांनी विहिरीवर गेली पाहिजे.

"पाठवा," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

"पाठवतेच आहे," त्या म्हणाल्या. एका हातानं इंजेक्शन देत होत्या, खांद्याशी फोन धरून अलिबागला सांगत होत्या. "दाब जास्त, पहिलं बाळंतपण, निघालेत. रक्त तयार ठेवा."

अलिबाग

अलिबागला लोक किल्ला बघायला जातात. मी बघितला तो हॉस्पिटलच्या जिन्यातल्या खिडकीतून समुद्राचा एक तुकडा आणि भिंतीवरची हात धुण्याची चित्रं, सहा पायऱ्या, क्रमानं. तीन तासांत मला ती तोंडपाठ झाली. वनिता सिस्टर गाडीत सायलीचा हात धरून आल्या होत्या, आणि आतल्या डॉक्टरांना कागद समजावून देईपर्यंत हलल्या नाहीत. मालतीबाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या आणि माझ्याशी अजिबात बोलत नव्हत्या. मग अचानक त्यांनी पदराखालून, पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवलेला, एक लाडू काढला, अर्धा मोडला आणि माझ्या हातावर ठेवला.

"खा. तोंड बघा कसं झालंय, पीठ मळल्यावानी."

दोन वाजता आतून सांगितलं, बाळाचे ठोके कमी होतायत, सिझेरियन करावं लागेल. प्रथमेश कंपनीतून हेल्मेटसकट धावत आला, सही केली. मी सुनंदाला फोन लावला. "ऑपरेशन करतायत," म्हणालो.

तिकडून तिनं विचारलं, "गरज आहे ना?"

"आहे," मी म्हणालो, आणि हा शब्द मी इतक्या खात्रीनं याआधी कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. लग्नातसुद्धा नाही.

तीनच्या पुढे मुलगी झाली. सव्वादोन किलोची, सुरकुतलेली, तोंड माझ्यासारखं. प्रथमेशनं ते नाकारलं. सायलीचा दाब उतरायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी किती चहा प्यालो ते सुनंदाला सांगितलेलं नाही.

पुन्हा रेवस

सव्वा महिन्यानं सुनंदा आणि मी लाँचनं गेलो. मी पट्ट्याच्या सँडल घालून, दोन्ही हात मोकळे ठेवून. मधल्या काळात मी ठाण्यात सगळ्यांना एक गोष्ट सांगितली होती: मी पाकीट ठेवून आलो नसतो, तर ते परत द्यायला सिस्टर बुधवारी आल्याच नसत्या. म्हणजे बघा, माझ्या धांदरटपणानं पोरगी वाचली. ऑर्डर द्यायला येणाऱ्यांनासुद्धा मी ही गोष्ट मेनूकार्डाआधी ऐकवत होतो.

मालतीबाईंच्या अंगणात मी ती पुन्हा सुरू केली. त्यांनी ऐकून घेतली.

"व्याहीबुवा, बुधवारी तुमच्यावर ओरडून झाल्यावर सायलीच्या पायावर सूज मी बघितली. सिस्टरला फोन मी केला. तवा त्या म्हनाल्या, येते, आनि तुमच्या व्याह्यांचं पाकीटपन आनते."

सुनंदा पदर तोंडाशी धरून हसली. इतकी, की तिला टाके ओढले असतील.

मग सायली उठली. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, हातात हळदकुंकवाची वाटी. विहिरीपर्यंत चालत गेली, सावकाश, पण कुणाचा हात न धरता. मी मागून बघत होतो. माझ्या धंद्यात मी शेकडो नवऱ्या मांडवाकडे चालताना पाहिल्यात, पण असं श्वास धरून कधी पाहिलं नव्हतं.

ती परत आली. वनिता सिस्टर ओटीवर तयार होत्या. दाब बघितला, चांगला. बाळाचं वजन, चांगलं. सायलीच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. मालतीबाईंनी पाकीट तांदळातून काढून सायलीच्या हातात दिलंच होतं. सायलीनं ते पुढे केलं.

सिस्टरनी यंत्राकडे बघितलं आणि मान हलवली. "नऊच आहे गं. रक्त कमी. अजून तीन आठवडे गोळ्या, खजूर, आणि मी येईन दर सोमवारी." मग पाकिटाकडे हनुवटी उडवली. "परत तांदळात."

जिच्या हाती पैसे पडायचे तीच घेत नव्हती, आणि तिच्या तोंडावर वैतागाचं नाव नव्हतं. सोमवार मात्र वहीत लिहून झाला होता. मी म्हटलं, "द्या इकडे," आणि स्वतः आत जाऊन पिंपात कोपरापर्यंत हात घालून पाकीट तळाशी ठेवलं. मालतीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, ठेवतोय की काढतोय.

परतीच्या लाँचवर ऊन कलतं होतं. रेवसचा धक्का लहान होत गेला. सुनंदा शेजारी बसली होती, आणि मला वाटलं, सांगून टाकावं. एवढी वर्षं झाली.

"सुनंदा, सायली झाली त्या दिवशी... तुझं ऑपरेशन करून डॉक्टर संध्याकाळी रिसेप्शनला आले होते. माझ्याच ऑर्डरवर. बासुंदी घेतली त्यांनी. मी तुला कधी बोललो नाही."

ती समुद्राकडे बघत होती. "मला माहीत आहे."

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आले ना ते. टाके बघितले आणि म्हणाले, मिस्टरांची बासुंदी खाल्ली काल."

खाली पाणी कापत लाँच चालली होती.

"आणखी काही म्हणाले?"

"हो," सुनंदा म्हणाली. "पाणी जास्त होतं म्हणाले."